पीएचक्यू-९ : एका झेरॉक्सवर मावणारे नऊ प्रश्न

कराडच्या बाजूला एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते. एमएसडब्ल्यू झाल्यापासून हेच काम. डॉक्टरांच्या टेबलावर बीपीचं मशीन असतं, माझ्या टेबलावर पीएचक्यू-९ चा गठ्ठा. डिप्रेशनची लक्षणं मोजणारी ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आता कॉलेजात दिसते, कंपन्यांच्या आरोग्य शिबिरात दिसते, मोबाइलच्या ॲपमध्येही दिसते. ती भरून घ्यावी का, आणि आलेल्या आकड्याचं करायचं काय, हे ओळखीतले शिक्षक, नर्स, आशाताई मला सारखं विचारतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: समोर बसून भरून घेणारं माणूस असेल तर पाचपैकी चार तारे. नुसता कागद हातात द्यायचा आणि परत घ्यायचा, असं असेल तर दोनच.

किंमत शून्य. झेरॉक्सचा खर्च तेवढा. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या तिघांनी फायझर कंपनीच्या अनुदानावर ही प्रश्नावली अमेरिकेत तयार केली आणि छापायला, वापरायला, वाटायला कुणाची परवानगी लागणार नाही असं ठेवलं. मराठीतही ती तयार मिळते. हा मुद्दा लहान नाही. डिप्रेशनसाठीचीच बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांची प्रश्नावली १९६१ पासून आहे, २१ प्रश्नांची, उत्तम आहे, पण ती विकत घ्यावी लागते. डिप्रेशन मोजायचं हॅमिल्टनचं १९६० चं माप तर रुग्णाने भरायचंच नसतं, जाणकार माणसाने मुलाखत घेऊन भरायचं असतं. आमच्यासारख्या दवाखान्यात, जिथे सकाळच्या ओपीडीत बाकावर बसायला जागा नसते, तिथे यातलं काहीच टिकलं नसतं.

प्रश्न तसे साधे आहेत. कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप कशी आहे, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उलट एका जागी बसवत नाही असं होणं, आणि शेवटी मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. प्रत्येकाला गेल्या दोन आठवड्यांचा हिशोब: अजिबात नाही याला ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ० ते २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, वीस आणि वर तीव्र. हे नऊ प्रश्न मनाला येतील तसे निवडलेले नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ डिप्रेशनचं निदान करताना ज्या नऊ लक्षणांची यादी धरतात, त्यातल्या प्रत्येकावर एक प्रश्न आहे. म्हणून भरलेला कागद बघून पुढच्या डॉक्टरांना रुग्णाचं दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं.

२००१ मध्ये या प्रश्नावलीचा जो मूळ अभ्यास छापून आला, त्यात ६,००० रुग्ण होते. त्यातल्या ५८० जणांशी मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांनी वेगळं बोलून पडताळा घेतला. दहा किंवा जास्त गुण धरले तर मोठं डिप्रेशन असलेल्या शंभरातले ८८ सापडतात, आणि नसलेल्या शंभरातले ८८ बरोबर बाजूला राहतात, असं दिसलं. ऐकायला फार छान. पण हिशोब करून बघा. समजा शंभर माणसांना कागद दिला आणि त्यातल्या दहांना खरंच डिप्रेशन आहे. दहातले नऊ सापडतील. उरलेल्या नव्वदातले अकरा उगाच सापडतील. म्हणजे दहा किंवा जास्त गुण आलेल्या वीस जणांत निम्म्याहून जास्त लोकांना तो आजार नाहीच. तेव्हा शिबिरात शंभर कागद भरून "तुमच्या गावात वीस टक्के लोकांना डिप्रेशन" अशी बातमी कुणी देत असेल, तर कृपा करून देऊ नका. हा कागद पुढे कुणाशी बोलायचं ते सांगतो. निदान माणूस करतो.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळा फरक इथेच पडतो. (पुढे रुग्णांच्या गोष्टी येतात, त्यात ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

सगळ्यात अवघड भाग प्रश्नांचा नाही, उत्तरांच्या रकान्यांचा आहे. "काही दिवस" आणि "निम्म्याहून जास्त दिवस" यातला फरक शिकलेल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. साठीच्या एक मावशी गुडघेदुखी घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न वाचत होते. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, "झोपच न्हाई बघ ताई." भुकेचं विचारलं, "काय गोडच लागंना." असं लिहायचं म्हटलं तर नऊच्या नऊ रकान्यांत ३ आले असते. अशा वेळी मी डबीतले १४ चिंचोके काढते. टेबलावर मांडायचे आणि सांगायचं, मावशी, गेल्याच्या गेल्या बाजारापासून आजपर्यंतच्या या रात्री. ज्या रात्री डोळा लागला नाही तेवढे चिंचोके तुमच्याकडे ओढा. दोन आठवडे म्हणण्यापेक्षा दोन बाजार म्हटलेलं लगेच कळतं. मावशींनी एकेक करत नऊ ओढले, मग थांबल्या, एक परत ढकलला. "त्या राती लेक आली हुती." झाले आठ. निम्म्याहून जास्त, म्हणजे २. पण मला त्या २ पेक्षा परत ढकललेला चिंचोका जास्त उपयोगी पडला. लेक आली की झोप लागते, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही, आणि पुढचं सगळं बोलणं तिथूनच निघालं.

यावर कुणी म्हणेल, ही तर स्वतः भरायची प्रश्नावली, तुम्ही वाचून दाखवली की उत्तरं बदलणार. बदलतात थोडी. समोर कुणी असलं की माणूस स्वतःबद्दलचं वाईट कमी सांगतं. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात कागद देऊन काय करणार? नात्यातलं कुणीतरी भरून देणार. एका ठिकाणी मी बघितलंय, केस पेपरबरोबर काउंटरवरच हा फॉर्म द्यायचे. सून डॉक्टरांची वाट बघत बाकावर बसलेली आणि सासूबाई शेजारी बसून मोठ्याने वाचतायत, "स्वतःबद्दल वाईट वाटतं? छे, हिला काय कमी आहे," आणि पेनाने ० वर गोल. त्या फॉर्मची बेरीज तीन आली होती. ती तीन कुणाची होती ते सांगायला नको. म्हणून माझा पक्का नियम: खोलीचं दार लोटलेलं, आत दोघंच, आणि वाचता येत असेल तर पेन त्याच माणसाच्या हातात.

दुसरी अडचण अंगाच्या लक्षणांची. झोप, थकवा, भूक, लक्ष, हालचाल हे पाच प्रश्न डिप्रेशनशिवायही वर जाऊ शकतात. आमच्याकडे शेतीपंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला झोपेचा प्रश्न विचारून काय मिळणार? अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थकव्याला ३ येणारच. थायरॉइडचंही तेच. त्यामुळे गुण दहाच्या आसपास असतील आणि ते सगळे याच पाच प्रश्नांतून आले असतील, तर आमचे डॉक्टर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतात. उलट पहिल्या दोन प्रश्नांना, म्हणजे रस न वाटणं आणि उदास वाटणं, दोन्हीला ३ असतील तर एकूण बेरीज कमी असली तरी मी त्या माणसाला तसं घरी पाठवत नाही. एकाच प्रश्नात "झोप येत नाही किंवा फार येते", "भूक नाही किंवा फार खाल्लं जातं" असं दोन टोकांचं एकत्र विचारलंय, हा मला या प्रश्नावलीचा खरा दोष वाटतो. गोल ३ वर केला की नेमकं कुठलं ते कळत नाही. मी पेनाने लागू नसलेला अर्धा खोडते. दोन सेकंदांचं काम आहे.

नववा प्रश्न. मरणाचे विचार. यावर बरेच जण बिचकतात. एका शाळेत तर शिक्षकांनी मला विचारलं, हा प्रश्न काढून आठच छापले तर? आठ प्रश्नांची आवृत्ती आहे, पीएचक्यू-८, पण ती मुख्यतः मोठ्या सर्वेक्षणांसाठी, जिथे उत्तर वाचून लगेच काही करायला कुणी समोर नसतं. जिथे माणूस समोर आहे तिथे हा प्रश्न टाळायचा नाही. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट माझा अनुभव असा की कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. मात्र विचारणार असाल तर पुढची तयारी हवी. इथे ० सोडून काहीही आलं, अगदी १ आला, बेरीज पाच असली, तरी त्याच दिवशी बोलायचं. फाइलला लावून पुढच्या भेटीला बघू, असं नाही.

एक तरुण मुलगा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. वडील बरोबर आले होते, "अभ्यासात लक्ष नाही, एवढंच," असं म्हणत. बेरीज आठ. सौम्य म्हणून सोडून द्यावं अशी. पण नवव्याला १ होता आणि त्या गोलाभोवती पेन दोन-तीनदा फिरवलेलं होतं. वडिलांना म्हटलं, काका, जरा बाहेर चहा घेऊन या. मग सरळ विचारलं: कधी येतात हे विचार, कसं करायचं ते ठरवलंय का, तसं काही घरात हाताशी आहे का, आणि आजवर कशाने थांबलास. त्याने सगळं सांगितलं. नंतर त्याच्या संमतीने वडिलांना आत बोलावलं. घरातलं शेतीचं औषध त्याच संध्याकाळी चुलत्यांकडे कुलपात गेलं, रात्री तो मोठ्या भावाच्या खोलीत झोपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. आता तो बरा आहे आणि अभ्यासाचं त्याचं तो ठरवतोय. बेरजेवर विसंबून राहिले असते तर आठचा आकडा बघून त्याला चालायला जा, योगासनं कर एवढंच सांगितलं गेलं असतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचा नवव्या प्रश्नाला ० सोडून दुसरा गोल होत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. आणि कायद्याची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेऐवजी उपचार आणि मदत द्यायची भूमिका घेतली आहे.

नऊ झाले की खाली एक प्रश्न असतो, ज्याला गुण नाहीत. या सगळ्यामुळे काम करणं, घरचं बघणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? बहुतेक लोक तो सोडून देतात, कारण बेरजेत येत नाही. मला तर वाटतं, सगळ्या कागदात मोलाचा प्रश्न हाच. बेरीज नऊ, पण माणूस तीन आठवडे दुकानाचं शटर उघडत नाही. दुसरीकडे बेरीज सतरा, आणि बाई पहाटे उठून म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून, मुलांचे डबे भरून मग आमच्याकडे आलेली. दोघांनाही मदत लागते, पण वेगळी. मी या प्रश्नाखालच्या कोऱ्या जागेत त्यांच्याच शब्दांत एक वाक्य लिहून घेते. पुढच्या खेपेला तेच वाक्य वाचून दाखवते आणि विचारते, हे अजून तसंच आहे का?

ही पुढची खेप म्हणजे या प्रश्नावलीचा सगळ्यात मोठा फायदा. एकदा भरलेल्या कागदावरून कळतं त्याच्या कितीतरी पट दोन-तीन कागद शेजारी ठेवल्यावर कळतं. गुण पाचने उतरले तर फरक खरा धरायचा, निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय म्हणायचं, पाचच्या खाली गेले तर लक्षणं जवळपास गेली. औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत लोक हमखास म्हणतात, "काहीच फरक नाही, बंद करू का?" तेव्हा मी दोन्ही कागद समोर ठेवते. उदासीचा ३ तसाच असतो, पण झोपेचा ३ चा २ झालेला असतो, भुकेचा २ चा १. उदासी उशिरा हलते, झोप बऱ्याचदा आधी. स्वतःच्याच हाताने केलेले गोल बघितल्यावर माणूस औषध अर्ध्यात टाकत नाही. यावर मी कितीही भाषण दिलं असतं तरी तेवढं काम झालं नसतं.

गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत केलेला प्रयोग मला फार जवळचा वाटतो, कारण तिथे समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी असलेलेही नव्हते. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण आलेल्या लोकांना त्यांनी सहा ते आठ बैठका दिल्या: दिवसाचा क्रम परत बसवणं, सोडून दिलेल्या गोष्टी हळूहळू सुरू करणं. २०१७ मध्ये निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के लोक बऱ्यापैकी सावरले होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. कागद भरून घेतला आणि पुढे काहीतरी दिलं, म्हणून हे झालं. आपल्याकडे आशाताई बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायला घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यातही शेवटी याच प्रश्नावलीचे पहिले दोन प्रश्न आहेत. माझी आशाताईंना विनंती एवढीच, की ते दोन प्रश्न घाईत ० ० करून पुढे जाऊ नका. बीपी-शुगरइतकेच ते महत्त्वाचे आहेत, आणि तुम्हाला घरातलं जे माहीत असतं ते आम्हाला दवाखान्यात बसून कधीच कळत नाही.

कुणासाठी ही प्रश्नावली पुरेशी नाही, तेही सांगते. बाळंतीण. रात्री तीनदा उठणाऱ्या आईला झोप, थकवा, भूक विचारून गुण फुगतात. तिच्यासाठी १९८७ ची एडिनबरा प्रश्नावली आहे, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांची, आणि तिच्यात अंगाच्या लक्षणांवर भर नाही. पहिलटकरीण माहेरी असते, तिथे आई जवळ असते, म्हणून तिथे भरून घेतली तर जास्त खरी उत्तरं येतात असं मला दिसलंय. दुसरं, ज्यांना पूर्वी कधी उलट्या टोकाचा काळ येऊन गेलाय: झोप न घेता आठ-आठ दिवस उत्साह, भरमसाट खर्च, अखंड बोलणं. पीएचक्यू-९ हे विचारतच नाही, आणि अशा माणसाला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर ते महागात पडू शकतं. तिसरं, घरात नुकतं कुणी गेलेलं असणं. या तिन्हींपैकी शेवटच्या दोन गोष्टी आणि शरीराचा आजार किंवा चालू औषधं आधी तपासा, असं मूळ सूचनांच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. पण झेरॉक्स करताना ते पान गळतं, आणि पुढचं नऊ प्रश्नांचं पान तेवढं गावभर फिरतं.

ॲपमधल्या आवृत्त्या मला पटत नाहीत. काही ठिकाणी बेरीजही दाखवत नाहीत, थेट लाल अक्षरांत "तीव्र नैराश्य" आणि खाली पैसे भरून सल्ल्याचं बटण. रात्री दीडला एकट्याने मोबाइलवर ते वाचणाऱ्या माणसाचं काय होत असेल याचा विचार करून मला राग येतो. स्वतःची स्वतः भरायचीच असेल तर कागदावर भरा, दिवसा भरा, आणि भरून झाल्यावर ज्या डॉक्टरांकडे सर्दी-तापाला जाता त्यांच्याकडे घेऊन जा. "डॉक्टर, मला बरं वाटत नाही" हे सांगायला जीभ रेटत नाही तेव्हा कागद पुढे सरकवणं सोपं जातं.

वापरणार असाल तर एवढं करा. मराठी प्रत मोठ्या अक्षरांत छापून घ्या, सूचनांचं पान पाठपोट घ्या. वरती तारीख लिहा, कारण तारीख नसलेले तीन कागद म्हणजे तीन रद्दीचे कागद. खालच्या बिनगुणाच्या प्रश्नासाठी चार ओळी मोकळ्या ठेवा. आणि फॉर्म देण्याआधी ठरवा की नवव्याला १ आला तर आज, या क्षणी, तुम्ही कुणाला फोन करणार आहात. तो नंबर मी गठ्ठ्याच्या वरच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलाय.